मानलेली

“कालिंदी, मी तुला आजपासून ताई म्हणत जाईन,” रघू म्हणाला, आणि माझ्याच हातची कांदाभजी चटणीत बुडवून त्यानं तोंडात टाकली.

मला वाटलं, थट्टा करतोय. त्याला थट्टेची सवय होती आणि मला त्याच्या थट्टेची. मी कढईतून नजर न काढता म्हटलं, “म्हण की. मी तुला मामा म्हणते.”

“थट्टा नाही गं. नीट ऐक. मी सगळा विचार केलाय.”

रघुवीर आठल्ये सगळा विचार करून आला की मला धडकीच भरायची. मागे एकदा असाच विचार करून आला होता, तेव्हा आम्ही महाबळेश्वरला एकाच एसटीत, तो पुढे ड्रायव्हरच्या मागं आणि मी शेवटच्या बाकावर, असे गेलो होतो. घाटात मला उलट्या, आणि हा पुढं बसून डोंगर बघतोय! उतरल्यावर म्हणतो कसा, “कुणाला संशयसुद्धा आला नाही.”

“बोल,” मी म्हटलं.

“आईनं मुलगी पक्की केलीय. सांगलीची आहे. वृंदा नाव. मी हो म्हणालो.”

माझ्या हातात झारा होता. तो मी त्याच्या टाळक्यात घातला नाही याचं मला आजही नवल वाटतं.

दुपारची वेळ होती. कराडात सोमवार पेठेत, शहाशेठच्या किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. पुढच्या हॉलमध्ये मशिनं, मागच्या दोन खोल्यांत मी. आम्ही शिंपी. वडील गेल्यावर मी त्यांची शिलाई मशिनं विकली आणि टायपिंगची घेतली. ठोकाठोकीच ती, फक्त कापडाच्या जागी कागद. भाऊ पुण्याला, त्याच्या संसारात. मला विचारणारं कोणी नव्हतं आणि मी कुणाला विचारत नव्हते. क्लास दुपारी एक ते चार बंद असायचा. ते तीन तास आमचे.

सात वर्षांमागं हा बँकेच्या परीक्षेसाठी टायपिंग शिकायला आला. बोटं अशी मारायचा, की मशीन त्याचं काही देणं लागत होतं. मी मागं उभी राहून त्याची बोटं धरून नीट ठेवली. मग ती बोटं सुटली नाहीत. लाजायचं काय त्यात? मी सत्तावीस वर्षांची बाई होते, शाळकरी पोर नव्हते. जीव लावला, आणि नुसता जीवच लावला असं नाही. दुपारी कोणी जिना चढलं आणि वरून मशिनचा आवाज आला नाही, तर शहाशेठला शंका यायची, म्हणून हा डावा हात माझ्या कमरेत घालून उजव्या हातानं सेमिकोलन-एल-के-जे-एच-जे वाजवत बसायचा. एकदा शहाशेठ मला म्हणाले, “पोरी, तुझ्याकडं दुपारी कोण गं एवढं मन लावून शिकतं? एका हातानंच वाजवतं जणू!” मी जिन्यातच बसले हसत.

भांडायचोही तसेच. एकदा मी त्याचा सदरा खांद्यावर फाडला, आणि घरी कोणी विचारायला नको म्हणून बसून शिवूनही दिला. शिंप्याची पोर मी, शिवण कुठं दिसली नाही.

लग्नाचं त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. फक्त आज नाही म्हणायचा. आधी त्याच्या वडलांचं आजारपण, मग ते गेले, मग त्यांचं वर्ष, मग याची बढती. मी जातीनं वेगळी, वयानं दोन वर्षांनी मोठी, त्याची आई एकटी. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी थांबले. कारण तो मला हवा होता. दुसरं कारण नाही.

आणि आता तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भजी खात सांगत होता, की मी हो म्हणालो.

“हो म्हणालास?”

“अगं, आईचं तुला माहितीय ना? अण्णा गेल्यापासून ती धड जेवत नाही. किती दिवस मी नाही म्हणणार? पण त्यानं आपल्यात काही बदलणार नाही. तेच तर सांगतोय.”

“तुझं लग्न तिच्याशी होणार, आणि आपल्यात काही बदलणार नाही?”

“वरवर बदलेल. आईला मी सांगितलंय, वृंदालाही सांगितलंय, की कालिंदी माझी मानलेली बहीण आहे. श्रावणात राखी बांधायची. दिवाळीला चार लोकांत भाऊबीज करायची. एकदा बहीण म्हटलं की कोणाची बोलायची टाप आहे? मी केव्हाही येईन. दुपारचा येईन. अगं, वृंदा स्वतःच पाठवेल मला. जा हो, ताईंना डबा देऊन या, म्हणून!”

त्याचे डोळे चमकत होते. देवाशप्पथ सांगते, त्याच्या मनात पाप नव्हतं. आपण फार मोठी अडचण सोडवली असं त्याला खरोखर वाटत होतं.

“बोल ना! कशी आहे युक्ती?”

आमच्याकडं बाई आणि पुरुष दोनदा एका दारात दिसले, की तिसऱ्या वेळी ती त्याची मानलेली बहीण होते. कोणाला विचारून मानली ते कोणी विचारत नाही. सगळ्यांची सोय होते. मी अशा तीन-चार जोड्या बघितल्या होत्या आणि त्यांना पोट धरून हसलेही होते.

आता मला हसू आलं नाही. तो लग्न करणार हे मी कुठंतरी धरून चालले होते. मला सोडून गेला असता तर मी रडले असते, चार दिवस क्लास बंद ठेवला असता, आणि उठले असते. पण हा सोडत नव्हता. हा मला ठेवत होता, आणि वर राखीचा दोरा बांधून ठेवत होता! सात वर्षं मी त्याची जी कोण होते, ते कधी नव्हतंच असं होणार होतं. आणि भीती सांगू का कसली वाटली? आपण हो म्हणू याची. उद्या दुपारी तो दारात आला तर मी दार उघडणार होते. परवाही उघडणार होते. मग भाऊबीज काय आणि राखी काय, हळूहळू सगळंच केलं असतं मी.

मी गॅस बंद केला.

“रघू, तुझं केळवण करते मी.”

“काय?”

“केळवण. बहीण ना मी? मग लग्नाआधी घरी बोलावून जेवू घालायला नको? आईंना घेऊन ये. तुझी वृंदा कुठं असते म्हणालास?”

“तिची मावशी इथंच आहे, शनिवार पेठेत. पुढच्या आठवड्यात यायचीय ती मावशीकडे.”

“मग तिलाही आण. रविवारी दुपारी.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “कालिंदी, तुझं मन किती मोठं आहे गं!”

“ताई म्हणायला विसरलास,” मी म्हटलं.

तो खळखळून हसला. जाताना त्यानं मला जवळ घेतलं, आणि मी त्याला घेऊ दिलं.

माझ्या मनात तेव्हा पुढचं काही ठरलेलं नव्हतं. एवढंच ठरलं होतं, की हे संपवायचं तर माझ्या घरात, माझ्या ताटावर, सगळ्यांसमोर संपवायचं. जिन्यात कुजबुजून नाही. आणि त्याची बहीण म्हणून तर नाहीच नाही.

रविवारी मी पहाटेच उठले. पुरण शिजवलं, पाट्यावर वाटलं. कटाची आमटी, अळूची भाजी, मसालेभात, कुरडया. हॉलमधली मशिनं भिंतीला सारून त्यांवर चादरी टाकल्या. चार पाट मांडले, एका पाटाभोवती रांगोळी काढली. मग त्याला आवडायची ती जांभळी इरकल नेसले. मुद्दाम नेसले. आरशात बघितलं आणि मनाशी म्हटलं, कालिंदी, दिसतेस बाई तू छान.

आठल्ये काकू आधी वर आल्या. बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या, शब्द तोलून बोलणाऱ्या. सात वर्षांत त्यांनी माझा जिना चढला नव्हता. रस्त्यात दिसल्या तर मान हलवायच्या, तीही जेमतेम.

“छान ठेवलंयस हो घर,” त्या सगळीकडं नजर फिरवत म्हणाल्या.

“पहिल्यांदाच आलात काकू.”

“योग यावा लागतो गं.”

त्यांच्या मागून वृंदा आली. मी तिचं एक चित्र डोक्यात रंगवून ठेवलं होतं. खाली मान घालणारी, पदर चुरगाळणारी, सांगाल तिथं बसणारी. तर ही उंचनिंच, मोकळी. वाकून नमस्कार करते न करते तोच गेली मशिनांकडं, चादर उचलून बघितली, आणि म्हणाली, “वन्सं, मला शिकवाल का हो? मला फार हौस आहे. आमच्या सांगलीत क्लास होता, पण बाबा पाठवेनात.”

वन्सं! नवऱ्याच्या बहिणीला हाक मारतात ती हाक. मला कोणी आयुष्यात वन्सं म्हटलं नव्हतं, आणि म्हणेल असं वाटलंही नव्हतं.

“शिकवीन की,” मी म्हटलं. मेली आवडली मला. तेवढं एक मी धरलं नव्हतं.

रघू शेवटी आला. नवा सदरा, केसांना तेल. वर आला तो थेट माझ्याकडं बघून म्हणाला, “ताई, जरा पाणी देता का? केवढं ऊन आहे हो!”

आवाज जरासुद्धा हलला नाही त्याचा. सात वर्षं ज्या तोंडानं काय काय बोलला होता, त्याच तोंडानं ताई म्हणाला, आणि वर देता का! मी पाणी दिलं. त्यानं तांब्या घेताना माझ्या बोटांना बोटं लावली, सगळ्यांदेखत, आणि डोळा मिचकावला. बघ, जमतंय की नाही, असं म्हणत होता तो डोळा.

पाटावर बसवलं सगळ्यांना. रांगोळीच्या पाटावर रघू, शेजारी वृंदा, समोर काकू. औक्षणाचं तबक मी तयार ठेवलं होतं, निरांजन लावलेलं.

“कालिंदी,” काकू म्हणाल्या, “आधी ओवाळ बाई भावाला. आमच्या रघूला बहीण नाही. मी कधीची म्हणत होते, करवली कोण होणार? तर आता तूच. लग्नात त्याच्यामागं करादिवा घेऊन तूच उभी राहायचीस. आणि दर भाऊबीजेला आमच्याकडं यायचं. चारचौघांत ओवाळायचं. एकदा ओवाळलं की झालं, मग ते नातं देवासमोरचं.”

असं म्हणून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला लख्ख कळली. काकूंना सगळं ठाऊक होतं, कधीपासूनचं ठाऊक होतं. आणि ही बहिणीची युक्ती रघूची नव्हतीच. तेवढी अक्कल त्याच्यात कुठली? त्याच्या कानात ती काकूंनीच सोडलेली होती, आणि हा बापडा तिला स्वतःची समजून नाचत होता. त्याला वाटत होतं, बहीण म्हटलं की येणं-जाणं चालू राहील. काकूंना पक्कं ठाऊक होतं, की एकदा निरांजन फिरलं की सगळं बंद होईल. दोघं एकच शब्द घेऊन बसले होते, आणि तो मला हवा की नको हे दोघांनीही मला विचारलं नव्हतं.

खरं म्हणजे काकूंना जे हवं होतं तेच मलाही हवं होतं. पण त्यांच्या दिव्यानं नको होतं मला ते.

मी तबक उचललं आणि काकूंच्या हातात दिलं.

“आई समोर असताना मी कशी ओवाळू? तुम्हीच ओवाळा, काकू.”

“अगं, पण बहिणीचा मान...”

“आधी आईचा.”

वृंदा म्हणाली, “बरोबर बोलल्या वन्सं.” मग काकूंना ओवाळावंच लागलं. त्यांचे ओठ अगदी घट्ट मिटलेले होते.

मी वाढायला घेतलं. पोळीवर तूप सोडलं. रघूनं घास मोडायला हात पुढं केला तशी वृंदानं त्याचा हात धरला. “अहो, नाव घेतल्याशिवाय जेवायचं नाही केळवणात! घ्या नाव.”

रघूला असल्या गोष्टींचा भारी उत्साह. गळा साफ करून म्हणाला,

“सांगलीची हळद आणि कराडचा ऊस,
वृंदाचं नाव घेतो, तुपाला नका होऊ चिंगूस!”

वृंदा खूप हसली. मलाही हसू आलं, काय करणार! त्याचं असलं बाष्कळ बोलणंच तर मला आवडायचं.

“आता तू घे,” मी तिला म्हटलं.

“मी लग्नात घेणार, मांडवात. आधी नाही.” मग तिनं माझ्याकडं बघून डोळे बारीक केले. “वन्सं, तुम्ही घ्या ना! असेल की कोणी मनातलं. सांगा, सांगा! आम्ही कुणाला सांगणार नाही.”

“वृंदा, काहीतरीच काय!” रघू घाईघाईनं म्हणाला.

आणि काकू पोळीचा पदर उलगडत, खालीच बघत म्हणाल्या, “तिला कुठलं आलंय नाव घ्यायला?”

अस्सं! माझ्या डोक्यात सणक गेली. तुपाची वाटी मी खाली ठेवली. पदर नीट केला, खांद्यावरून घेतला. हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले,

“सात वर्षं केला संसार, ना मांडव ना वरात,
रघुवीररावांना निरोप देते आज माझ्याच घरात.”

खाली शहाशेठच्या दुकानात कुणीतरी शेंगदाणे मागत होतं, तेवढं ऐकू आलं.

रघू हसला. हसला म्हणजे दात दाखवले. “ताईंची थट्टा म्हणजे...”

“ताई म्हणू नका,” वृंदा म्हणाली.

ती हळू बोलली, पण रघूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. “खरं का हो?”

त्यानं ताटाकडं बघितलं. पोळीकडं, आमटीकडं, मिठाकडं. कुणाकडं बघायचं ते त्याला कळेना. मी वाट बघत होते. अजूनही वाट बघत होते, बघा! त्यानं एवढंच म्हटलं असतं, हो, खरं आहे, तर मी त्याला सगळं माफ केलं असतं आणि पोळी वाढली असती. त्यानं बोटानं मीठ ताटाच्या कडेला सारलं.

काकू मात्र उठल्या. “लाज नाही वाटत? जेवायला बोलावून असा तमाशा? चांगल्या घरची मुलगी बसलीय समोर, तिचा तरी विचार करायचास!”

“तिचाच करतेय. तुम्हाला ठाऊक होतं काकू.”

“ठाऊक होतं म्हणूनच तुला बहीण केलं! मान दिला! दुसरी कोणी असती तर झिंज्या धरून पेठेतून काढलं असतं तुला!”

“मान होय? मी त्याची कोण होते ते तुम्हाला माहीत, आणि तुम्ही मला म्हणता ओवाळ? देवासमोर? मी ओवाळलं नाही म्हणून तुमच्या देवाची तरी लाज राहिली. नाहीतर तुम्ही त्यालाही खोटं बोलायला लावलं असतंत.”

काकू जिन्याकडं चालू लागल्या. “रघू, ऊठ. वृंदा, चल.”

रघू उठला. वृंदा बसूनच होती. तिनं मला विचारलं, “आणि आता? आता काय आहे?”

“आता काही नाही. निरोप दिला तो ऐकलास ना तू? तुझ्यासमोरच दिला. तू लग्न कर नाहीतर मोड, ते तुझं तू बघ. मी मोडायला बसले नाही आणि जुळवायलाही नाही. पण मी तुझी वन्सं नाही. आणि माझ्याकडं डबा देऊन कुणाला पाठवू नकोस.”

तिला हसू आलं की रडू, मला कळलं नाही. तिनं ताटाला हात लावून नमस्कार केला, उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

“येते, कालिंदीबाई,” ती म्हणाली. “पोळ्या फार छान झाल्या असणार. वासावरूनच कळत होतं.”



दोघी खाली उतरल्या, आणि रघू परत वर आला. मला ते ठाऊकच होतं. चपला हातात होत्या त्याच्या, दारात उभा राहिला.

“काय मिळवलंस?” तो म्हणाला. “सगळं व्यवस्थित चाललं असतं गं! कुणाला कळलं नसतं. मला असं तोंडघशी पाडून काय मिळालं तुला?”

“कुणाला कळलं नसतं, तेच नको होतं मला.”

“म्हणजे तुला माझी गरज नाही? एवढं सोपं आहे?”

“गरज आहे,” मी म्हटलं. “आत्ताही आहे. तुला हात धरून आत ओढावंसं वाटतंय, इतकी आहे. म्हणून तर त्यांच्यासमोर बोलले. एकटीनं नसतं जमलं मला. उद्या दुपारी तू आला असतास की मी दार उघडलं असतं. आता नाही उघडायची. आता तुझ्या आईला ठाऊक आहे की मी बोलले, वृंदाला ठाऊक आहे, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला ठाऊक होईल. आता दार उघडायची लाज वाटेल मला. तेवढी पुरे.”

तो रडायला लागला. लहान मुलासारखा हमसून रडायचा तो, आधीपासूनच. “मी तुला कधी फसवलं नाही कालिंदी. खरं सांग, कधी फसवलं?”

त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली होती. ऐकून घेतली मी ती. बरी वाटली.

“फसवलं नाहीस. पण मला विचारल्याशिवाय माझं नाव बदललंस. रघू, उद्यापासून तू माझा कोणी नाहीस. पण होतास. तू माझा माणूस होतास आणि मी तुझी बाई होते, आणि ते मी कुणाला पुसू देणार नाही. तुलासुद्धा नाही. मला सोड, तुझं सगळं आयुष्य तिच्याबरोबर काढ, पण मला ताई म्हणून नाही सोडायचं.”

त्यानं सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले. खालून काकूंनी हाक मारली, “रघू!” तो जिना उतरला. चपला हातातच होत्या, तशाच घेऊन अनवाणी उतरला. मी दार लावून घेतलं.

लग्न झालं त्यांचं, ठरलेल्या दिवशीच. करवली कुणी चुलत बहीण उभी राहिली म्हणे. वृंदानं काय विचार केला ते तिचं तिला ठाऊक. मी कधी विचारलं नाही, विचारायचा मला हक्कही नव्हता. मंडईत भेटली तर थांबते, कालिंदीबाई म्हणून हाक मारते, दोन शब्द बोलते. पेठेत माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मी सांगत बसत नाही. वर्षभर क्लासला मुली आल्या नाहीत, मग आल्या. माझं टायपिंग चांगलं होतं. रघू समोरून आला की अजून रस्ता ओलांडून पलीकडं जातो, आता पांढरे केस झाले तरी. मी ओलांडत नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी दार लावलं आणि वळले, तर तीन ताटं वाढलेली, कुणी घाससुद्धा मोडलेला नाही. पहाटेपासून राबलेली मी. रडायला आलं ते उभ्यानंच रडून घेतलं, मोठ्यानं, शहाशेठला ऐकू गेलं तर जाऊ दे. मग विचार केला, आवरायचं का हे सगळं? आणि मला भूक लागली. खरोखर, सडकून भूक लागली.

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कुंकू पुन्हा नीट लावलं. माझा पाट स्वयंपाकघराच्या दाराशी होता, वाढणाऱ्या बाईचा. तो मी पायानं बाजूला सारला. रांगोळीच्या पाटावर जाऊन बसले, मधोमध, ऐसपैस मांडी घालून. पोळीवरचं तूप थिजलं होतं, ते नव्यानं गरम करून घेतलं. डोळ्यांतलं पाणी मधून मधून आमटीत पडत होतं, पडू दिलं. पुरण अगदी बेतशीर गोड झालं होतं. पहिली पोळी संपवली, दुसरी संपवली, आणि तिसरी वाढून घेतली.